ओळंब्याच्या दांड्या

आमच्या यांना सगळे ओळंबा म्हणतात, गवंड्याच्या ओळंब्याच्या दोरीसारखं काम सरळ म्हणून. आयुष्यभर कातारी. लेथवर लाकूड फिरवून खुर्चीचे पाय काढावेत ते यांनीच. चार पाय शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. तोराही तेवढाच. "माप डोळ्यांत असावं लागतं," हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

गेले काही महिने मात्र वर्कशॉपला कुलूप होतं. गिऱ्हाईक आलं की, "लेथ बिघडलाय." दुरुस्तीला कधी कुणी आलं नाही. यांच्या हातात कपबशी वाजायची ती मला ऐकू येत होती. पण विषय काढला की अंगावर यायचे. खरं सांगते, मलाही तो विषय नकोच होता.

अशात मुलीचा पोपट एक पाय वर धरून बसायला लागला. मूठभर जीव, तळव्यांना लाल फोड. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या प्लास्टिकच्या दांड्या काढा. सगळ्या सारख्याच बारीक, त्यामुळे रोज एकाच जागी भार येतो. लाकडाच्या घाला, वेगवेगळ्या जाडीच्या. नखं खालून एकमेकांना टेकता कामा नयेत. आणि पॉलिश अजिबात नको."

"मी करतो," हे म्हणाले.

"कराच," मी म्हटलं. "कामाला एवढ्या दांड्या मारल्यात, आता पोपटाला दोन द्या." हे हसले नाहीत.

दुपारी मी डबा घेऊन वर्कशॉपवर गेले. लेथ सुरू व्हायचा, थांबायचा, पुन्हा सुरू. यांच्या पायाशी टाकून दिलेल्या दांड्यांचा ढीग. "लाकूडच गाठाळ आहे," मी न विचारताच हे म्हणाले. संध्याकाळी यांनी कागदात गुंडाळून तीन दांड्या घरी आणल्या आणि कुणाला हात न लावू देता पिंजऱ्यात बसवल्या.

फोड सुकले. पोपट दोन्ही पायांवर उभा राहायला लागला. पुन्हा दाखवायला नेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक दांडी काढून तिच्यावरून बोट फिरवलं.

"काका, कमाल केलीत! एकाच दांडीत कुठं जाड, कुठं बारीक, अगदी फांदीसारखी. मी तर एवढं सांगितलंही नव्हतं. कसं सुचलं?"

"मला सरळच करायच्या होत्या," हे म्हणाले.

बाई खळखळून हसल्या. त्यांना वाटलं, काका गंमत करताहेत. मलाही हसून वेळ मारून नेता आली असती, पण मी ती दांडी घेऊन परत पिंजऱ्यात बसवायला लागले.

बाहेर आल्यावर यांनी पिंजरा माझ्याकडे दिला. "पोरीला सांग, लेथला गिऱ्हाईक बघ म्हणावं."

घाई काय आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि "बरं" म्हणाले.