कागदावर नसलेली बहीण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते — अडखळेन थोडी.

माझी धाकटी बहीण नंदा, दुसरबीडला दिलेली. तोंडाने फटकळ, पण माझ्यावर जीव टाकणारी. दर वर्षी माझ्या तपासणीला ती शहरातल्या दवाखान्यात सोबत येते — डब्यात भाकर-ठेचा, आणि तोंडी दटावणी. "काऊन भेतं वं ताई? मी आहो ना!"

तपासणी कसली? आई छातीच्या कॅन्सरने गेली. मावशीही. मग माझ्या रक्ताच्या तपासणीत त्याच कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष निघाला, आईकडून आलेला. तेव्हापासून डॉक्टर मला दर वर्षी बघतात, काही उगवलंच तर वेळेत सापडावं म्हणून. नंदाला मात्र मी सांगितलेलं — जुनी साधी गाठ आहे, तीच बघतात.

पहिल्या दिवशी तिथल्या सिस्टरनी आमच्या घरातली सगळी माणसं कागदावर मांडली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन. म्हणाल्या, "सख्खी बहीण आहे? तिच्यातही हा दोष असायची निम्मी शक्यता. तिला बोलावून घेऊ."

आणि मी — कसं सांगू? — मी म्हणाले, नाही. मी एकटीच.

त्याच आठवड्यात नंदाची सोयरीक जुळत होती. आमच्याकडे मुलीच्या आधी तिच्या आईचं दुखणं विचारतात. आई काविळीने गेली, असं आम्ही पाहुण्यांना सांगून बसलो होतो. दवाखान्याचं बोलावणं आलं असतं तर बिंग फुटलं असतं.

पण लग्नाला नऊ वर्षं झाली की! मग कशाची भीती होती? खरं सांगू? माझं खोटं कळल्यावर ती तोंड फिरवेल, याची. वर्षातला तो एक दिवस — बाकावर माझी पर्स सांभाळत बसलेली नंदा, बळेच घास भरवणारी नंदा — मला तो सोडवत नव्हता. फार आवडते हो ती मला. आत सिस्टर विचारायच्या, "सोबत कोण?" मी म्हणायचे, मैत्रीण.

यंदा परतताना एसटीत तिने माझा हात पदराआड नेला. "पाह्य बरं ताई, मले हे काय लागून राह्यलं?"

बोराएवढी. टणक.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेले. सिस्टरनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि कागदावर एक गोल वाढवला. माझ्यासारखीच नंदाचीही दर वर्षी तपासणी झाली असती, तर ही गाठ कधीच सापडली असती. हे मला ठाऊक आहे. तिला नाही.

आता तिचे केस गेलेत, डोक्याला रुमाल असतो. भेटायला येईल त्याला माझा हात धरून सांगते, "ताईनं हात लावला अन् वळखलं. हिच्यामुळंच वाचली मी."

मी शेजारी बसलेली असते. ऐकून घेते.