कोपऱ्यावरचा बार आणि आमच्या सासूबाई

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक कार्पेटचं दुकान होतं. ते बंद पडलं तेव्हा कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. आम्ही सगळेच कार्पेटं शहरातून आणत होतो. काचांना आतून पांढरा रंग फासलेला, दारात सुकलेली पानं आणि वेफर्सची रिकामी पाकिटं, अशा अवस्थेत ते बरेच महिने पडून होतं. मग एका सकाळी दारावर नोटीस लागली.

समोरच बस स्टॉप होता. मी लायब्ररीत कामाला निघाले होते आणि बस नेहमीप्रमाणे येत नव्हती, म्हणून रस्ता ओलांडून नोटीस वाचली. तिथे बार निघणार होता. बारचं एवढं काही नाही, लीड्समध्ये बार नसलेला रस्ता शोधावा लागतो. पण मागच्या मोठ्या खोलीत भिंतीला लागून ओळीनं फ्रूट मशीनं ठेवायची परवानगीही मागितली होती. नाणं टाकायचं, बटण दाबायचं, चेऱ्या आणि लिंबं गरगर फिरतात, आणि बहुतेक वेळा तुमचं नाणं गेलेलं असतं, ती मशीनं. आणि समोरच्या बस स्टॉपवर शाळेची अर्धी पोरं हातात जेवणाचे पैसे घेऊन उभी होती.

संध्याकाळी दार वाजलं. शेजारची बाई होती. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची. तिचं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात, पोरांना जेवण वाढण्यात गेलेलं, त्यामुळे आवाज असा की आमच्या दारात बोलली तरी समोरच्यांना ऐकू जावं. इतक्या वर्षांत आमचं बोलणं हवामान आणि कचऱ्याचे डबे यापलीकडे गेलं नव्हतं.

"नोटीस वाचलीस का, लव्ह?"

"वाचली."

"मग? काय करायचं?"

ती आत आली, आणि त्या दिवसापासून हवामानाचा विषय मागे पडला.

माझ्या सासूबाई त्या वेळी पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, पाचवारी साडी, त्यावर मुलाचा जुना ओव्हरकोट आणि पायात मोजे घालून चपला. त्या कोपऱ्यात बसून वाटाणे सोलत होत्या. शेजारीण गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "ही मघापासून तुला लव्ह लव्ह काय म्हणत होती?"

"इथे सगळ्यांनाच म्हणतात, आई. बस कंडक्टरसुद्धा म्हणतो."

"बरंय," त्या म्हणाल्या. "मला पन्नास वर्षांच्या संसारात कुणी म्हटलं नाही."

आमचे हे हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. ते पेपरमागून हसले आणि लगेच पान उलटलं.

विरोध करायचा तर सगळ्यांनी आधी एकत्र बसायला हवं होतं. चर्चच्या हॉलमधलं हीटिंग बंद पडलेलं, आणि मार्च महिन्यात लीड्समध्ये हीटिंगशिवाय बसून कुणाचाच विरोध फार वेळ टिकला नसता. तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यावरच्या जुन्या पबच्या मालकानं निरोप पाठवला की रविवारी दुपारी माझ्याकडे बसा. तेव्हा पब दुपारी बंद ठेवायला लागत. "बिअर मिळणार नाही," तो म्हणाला, "पण चहा देतो." त्याला रस्त्याची काळजी किती आणि नव्या बारची धास्ती किती, हे आम्ही विचारलं नाही.

दहा वर्षं या देशात राहून मी पबमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. तिथे जायला कुणी बंदी केली नव्हती, तशी वेळच आली नव्हती. आणि आता जायचं तर बारला विरोध करायला.

"मी पण येते," सासूबाई म्हणाल्या.

"अहो आई, तो गुत्ता आहे. म्हणजे, तसाच काहीतरी."

"मग तू कशी चाललीस?"

आमची लेक दहा वर्षांची, जन्म इथलाच, मराठी तोडकीमोडकी. तिनं आजीचा कोट काढून आणला आणि म्हणाली, "आजी, पबमध्ये तुझा साडी सांभाळ. कार्पेट ओला असतो."

कार्पेट खरोखरच ओलं होतं, चपला चिकटत होत्या. शिळ्या बिअरचा आणि सिगारेटचा वास भिंतींत मुरलेला. सासूबाईंनी चहाचा कप उजेडात धरून नीट पाहिला. "यात आधी काय होतं, विचार त्याला." मी विचारलं नाही. पबच्या मालकानं मात्र तो कप त्यांच्या हातातून घेतला, परत धुतला आणि बायकोच्या खास कपबशीत चहा आणून दिला. त्याला मराठी कळण्याची गरज पडली नाही.

मीटिंग छान झाली. म्हणजे सगळे एकदम बोलले. कुणाला पार्किंगची काळजी, कुणाला आवाजाची, एका म्हाताऱ्याला फक्त एवढंच सांगायचं होतं की कार्पेटवाल्यानं त्याला एकदा फसवलं होतं. शेवटी ठरलं की मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात लायसन्सची सुनावणी होईल तेव्हा सगळ्यांनी जायचं आणि शेजारणीनं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं.

या गडबडीत सासूबाई कुठे गेल्या ते माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते आवाजानं. पलीकडच्या खोलीतून आधी घंटा वाजली आणि मग पत्र्याच्या डब्यात खडे ओतावेत तसा खळखळाट.

आम्ही सगळे धावलो. पबच्या कोपऱ्यात एकच फ्रूट मशीन होतं. त्याच्यासमोर उंच स्टुलावर सासूबाई बसलेल्या, पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि त्यांच्या मांडीवर ओव्हरकोटाच्या ओच्यात नाणी पडत होती. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. साखर चोरताना सापडलेल्या मुलीचा असतो तसा.

"अगं, मी नुसतं बघत होते," त्या म्हणाल्या. "एकच टाकलं."

जुगाराविरुद्ध जमलेल्या अख्ख्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. पबचा मालक सोडून.

"चला आता, आई."

"थांब जरा. हे पैसे आपले नव्हेत, परत घालून टाकते."

मला ते पटलं. शेजारणीनं त्यांना नाणी घालायला मदत केली. पण मध्येच मशीन दोन-चार नाणी परत द्यायचं, आणि प्रत्येक वेळी सासूबाई पुढे झुकायच्या. सगळे घरी गेले. शेजारीण खुर्ची ओढून बसली. मी दोनदा हात धरला, दोनदा त्यांनी सोडवून घेतला. "झालंच. आता घंटा वाजणार बघ." ओचा रिकामा झाला तेव्हा त्यांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे सुटे आहेत का गं?"

मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्या स्टुलावरून उतरल्या, पदर सारखा केला आणि तडक घराची वाट धरली.

रात्रीच्या जेवणाला त्यांनी आम्हा दोघांना सांगितलं. माझे चुलत सासरे, यांचे काका, आयुष्यभर पुण्याच्या घरी राहिले. नोकरी का सुटली, लग्न का मोडलं, कुणी कधी बोललं नव्हतं. ते रमीच्या क्लबात सगळं हरले होते.

"काका?" हे म्हणाले. "आपले काका? मला पतंग करून देणारे?"

"तेच. मी त्याला रोज दोन वेळा जेवायला वाढलं, पण नीट बोलले नाही कधी. मला वाटायचं, याला अक्कल नाही. उठून यायला काय झालं होतं?" त्यांनी ताटातला भात बोटांनी उगाच गोळा केला. "आज माझ्याच्यानं उठवेना रे. काय ते लिंबू न् काय ती चेरी."

यांनी आईच्या पाठीवर हात ठेवला. आमच्या घरात असं फारसं होत नसे. मग लेकीनं विचारलं की आजी किती जिंकली, आणि सगळे हसलो.

सुनावणीच्या सकाळी आम्ही बसनं गेलो. यांची ड्यूटी होती, पण सासूबाई सगळ्यांच्या आधी कोट घालून दारात उभ्या. कोर्टाच्या दारापाशी एका तरुण माणसानं त्यांच्यासाठी दार उघडून धरलं, छान सूट, हसरा चेहरा. सासूबाईंनी त्याला "थँक्यू बेटा" म्हटलं. आत गेल्यावर कळलं की बार काढणारा तोच.

त्याचा वकील हुशार होता. शेजारणीनं बस स्टॉपबद्दल, पोरांच्या जेवणाच्या पैशांबद्दल खणखणीत आवाजात सांगितलं, पण त्यानं एकेक मुद्दा मऊपणे बाजूला सारला. शाळेच्या वेळात मशीनं बंद ठेवू, पार्किंग करू, दारावर माणूस ठेवू. शेवटी तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "या सगळ्या सज्जन मंडळींना ज्या गोष्टीची भीती वाटते, ती त्यांच्यापैकी कुणी कधी करून तरी पाहिली आहे का?"

पबचा मालक छताकडे बघू लागला.

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

मी कानात सांगितलं. त्या उभ्या राहिल्या.

"मी पाहिली आहे," त्या मराठीत म्हणाल्या. मग मला, "सांग त्यांना."

मधल्या खुर्चीत पांढऱ्या केसांच्या मॅजिस्ट्रेट बाई होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे, मग सासूबाईंच्या चपलांमधल्या मोज्यांकडे बघितलं आणि पुढे यायला सांगितलं. खरं बोलण्याची शपथ घ्याल का, असं विचारल्यावर सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलायला एवढ्या थंडीत कशाला आले असते?" मी त्याचं भाषांतर नुसतं "हो" असं केलं.

मग त्या बोलल्या. एक वाक्य त्यांचं, एक माझं. मी म्हातारी बाई आहे. सकाळी देवाची पूजा करते, पत्ते खेळले तर दाणे लावून खेळते. मी एकदा जिंकले, आणि त्यानंतर सगळं जाईपर्यंत मला उठता आलं नाही. सून हात ओढत होती तरी उठले नाही. माझं तर वय झालंय, घरी नेणारं माणूस बरोबर होतं. बस स्टॉपवरच्या पोराला कोण उठवणार? आणि नोकरीवरून परत जाणाऱ्या माणसाला?

"आमच्या घरात होता असा एक," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी उठवला नाही."

मी तेही इंग्रजीत सांगितलं. मॅजिस्ट्रेट बाईंनी चष्मा काढला. वकिलाला विचारलं, काही प्रश्न? त्यानं नाही म्हणून मान हलवली. मागून शेजारणीचा आवाज आला, "वेल डन, लव्ह!" आणि तिला गप्प बसवावं लागलं.

निकाल आला तो असा: बारला हो, मशीनांना नाही. आम्हाला क्षणभर कळेना, आनंद करायचा की नाही. तो तरुण मात्र आमच्याकडे चालत आला आणि सासूबाईंना म्हणाला, "मॅडम, माझा वकील तुमच्याइतका चांगला असता तर!"

त्यांनी त्याला आपादमस्तक पाहिलं. "एवढा चांगला मुलगा. दुसरा धंदा का करत नाही, विचार."

मी हे मात्र जसंच्या तसं विचारलं. तो मोठ्यानं हसला. मशीनांशिवाय त्याला बारमध्ये रस उरला नसावा, कारण पुढे तो परत दिसलाच नाही. उन्हाळ्यात त्या जागेत सायकल दुरुस्तीवाला आला, काचांवरचा रंग खरवडला गेला आणि दुकानात किती उजेड होता हे आम्हाला पहिल्यांदा कळलं.

सासूबाई जायच्या आधी शेजारणीनं घरी चहाला बोलावलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, आणि दोघी तासन्‌तास बोलायच्या. एक इंग्रजीत गुडघ्यांबद्दल, दुसरी मराठीत सुनांबद्दल, असा माझा अंदाज आहे. एअरपोर्टला निघताना सासूबाईंनी तिला, "यू कम पुणे," असं बजावलं. आम्हाला वाटलं, बोलायची रीत.

पण पुढच्या हिवाळ्यात ती खरंच गेली. महिनाभर राहिली. परत आली ती नाकावर उन्हानं सोललेली आणि हातात हिरव्या बांगड्या. मी विचारलं, "कसं झालं?"

"तुझ्या सासूबाईंनी मला एका मीटिंगला नेलं," ती म्हणाली. त्यांच्या गल्लीत मंगल कार्यालय निघणार होतं, लाउडस्पीकरवाल्या वराती येणार म्हणून लोक चिडले होते. सासूबाईंनी हिला पहिल्या रांगेत बसवलं, मग हाताला धरून उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की ही लीड्सची, हिला अनुभव आहे.

"मग तू काय केलंस?"

"बोलले की. इंग्रजीत. खूप टाळ्या पडल्या."

"आणि कार्यालय? थांबलं का?"

"ते मला कुणी सांगितलं नाही," ती खुर्चीत बसत म्हणाली, "पण पोहे फारच छान होते. तुला येतात का गं करता?"