पेटीवालं हेवी मेटल

मानोऱ्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक स्टोव्ह आणि एक ट्रान्झिस्टर होता. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. गाव माझ्या रिठदपासून फार लांब नव्हतं, पण ओळखीचं कुणी नव्हतं. लोक नीट वागायचे, 'नर्सबाई' म्हणायचे, आणि काम झालं की आपापल्या घरी जायचे.

नागपूरला नर्सिंग शिकताना माझ्या खोलीत रेल्वे कॉलनीतली एक ख्रिश्चन मुलगी होती. रविवारी ती मला घरी न्यायची. तिचा भाऊ रेकॉर्ड प्लेअरवर हेवी मेटलचे विलायती बँड लावायचा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते गाणं वाटलंच नाही. गिटारचा आवाज सरळ पोटात शिरला. आठवडाभर वॉर्डात हळू बोलायचं, हळू चालायचं, आणि इथं कुणीतरी सगळं जोरात सांगत होतं. तीन वर्षांत मला त्याची सवय लागली. मानोऱ्यात मात्र हे बोलायचं कुणाजवळ?

एका परदेशी स्टेशनवर रविवारी दुपारी अर्धा तास हे संगीत लागायचं. सुई केसभर सरकली तरी नुसती खरखर. माझी घरमालकीण, जिला मी मावशी म्हणायचे, तिनं पहिल्या रविवारी दारातून डोकावून विचारलं, "कोनी कोनाले मारून राह्यलं का वं?"

"गानं हाय, मावशी."

"मंग तो रडून काहून राह्यला?"

"रडत नाई. गाऊन राह्यला."

ती हसली नाही. डोकं हलवून निघून गेली.

नागपूरच्या त्या मैत्रिणीनं मला कलकत्त्याच्या एका इंग्रजी मासिकाची वर्गणी भरून दिली होती. त्यातलं पत्रांचं पान मी सगळ्यात आधी उघडायचे. तिथं वाचक भांडत. हेवी मेटल कशाला म्हणायचं आणि हार्ड रॉक कशाला, गाणं फार लांबलं की ते प्रोग्रेसिव्ह रॉक होतं का, असलं सगळं. शिलाँगच्या एकानं लिहिलं होतं, ज्या बँडमध्ये ऑर्गन, म्हणजे विलायती पेटीच, वाजतो तो हेवी मेटल असूच शकत नाही. मला राग आला. माझे बाबा रिठदच्या भीमगीतांच्या मंडळात पेटी वाजवायचे. पेटीनं गाणं पातळ होतं हे मी कसं मान्य करणार? मी दोन पानं लिहून पाठवली. नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव, खाली मानोऱ्याच्या दवाखान्याचा पत्ता. ते छापून आलं.

महिन्याभरात त्या शिलाँगवाल्याचं पत्र दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. 'प्रिय बंधू' अशी सुरुवात आणि पुढं तीन पानं नुसतं भांडण. तुझे कान तपासून घे, असंही लिहिलं होतं. ते पत्र मी चार वेळा वाचलं. मानोऱ्यात आल्यापासून इतकं कुणी माझ्याशी बोललं नव्हतं.

मी पुरुष नाही, हे कळवायचं राहून गेलं. खरं सांगायचं तर मी राहू दिलं.

वर्षभर पत्रं येत राहिली. पोस्टमननं एकदा पाकीट उलटंपालटं करत विचारलं, "बाई, हे शिलाँग कुठीसा आलं?"

"मेघालयात. लय दूर हाय."

"नातेवाईक हायेत का?"

"नाई. वळख हाय."

एवढ्यावर गावानं माझं लग्न ठरवून टाकलं. मावशीनं मला समोर बसवलं. "काय लिवते तो? खरं सांग मले."

मी पत्र तिला मराठीत वाचून दाखवलं. गिटार, ड्रम, ऑर्गन. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे पेटी वाजली का ते गानं त्याच्या जातीतून बाहेर?"

"तसंच म्हन."

"पेटीवर भजनबी होते, कव्वालीबी होते. वाजवनारा कसा वाजवते ते पाहा ना. पेटीले काय समजते?"

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. उत्तर लवकर आलं. त्यानं आपल्या दोन दोस्तांना ते वाचून दाखवलं होतं. हरलो असं म्हणणार नाही, पण यावर उत्तर सुचत नाही, असं त्यानं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: बंधू, तुझा फोटो पाठव, आम्ही भिंतीवर लावू.

फोटो मागितल्यावर गप्प बसणं मला जमेना. नर्सच्या गणवेशातला एक फोटो पाठवला आणि मागं माझं पूर्ण नाव लिहिलं.

पुढचं पत्र 'आदरणीय मॅडम' असं सुरू झालं. अक्षर फार सुबक होतं. आधी उद्धट बोललो त्याची माफी मागितली होती, आणि ऑर्गनबद्दल माझं म्हणणं पूर्ण पटल्याचं लिहिलं होतं. मी लिहिलं, माफी नको, भांड. त्यानं पुन्हा माफी मागितली.

मग मी मुद्दाम खोटं लिहिलं. एका अगदी मुळमुळीत प्रेमगीतं गाणाऱ्या बँडचं नाव देऊन, माझ्या मते हेच खरं हेवी मेटल, असं ठासून सांगितलं. आधीचा तो असता तर त्यानं मला फाडून खाल्लं असतं. तीन आठवडे मी पोस्टमनची वाट पाहिली. उत्तर अर्ध्या पानाचं होतं. 'मॅडम, तुमचं बरोबर असेल. मी या दृष्टीनं विचार केला नव्हता.'

ते पत्र घेऊन मी ड्रेसिंगच्या खोलीत बराच वेळ बसून होते. रडू आलं नाही. फक्त बाहेर जाऊन कुणाला काही सांगावं असं वाटलं, आणि सांगण्यासारखं कुणी नव्हतं.

त्याला उत्तर लिहिणं झालं नाही. त्याचं नववर्षाचं एक कार्ड आलं, त्यावर फुलं होती.

उन्हाळ्यात मावशीनं विचारलं, "त्याची चिठ्ठी येत नाई आता?"

"नाई."

"भांडन झालं?"

"नाई, मावशी. भांडन बंद झालं."

ती तूर निवडत होती. थोडी सरकली आणि तिनं मला सुपाजवळ जागा करून दिली. आम्ही संध्याकाळपर्यंत खडे वेचत बसलो.

त्यानंतर मासिकाला मी एकच पत्र पाठवलं, पूर्ण नावानं, हुद्द्यासकट. ते छापून आलं. पुढच्या अंकात बाकीचे वाचक एकमेकांशी कडाकडा भांडत होते. माझ्या पत्राला कुणी हात लावला नव्हता.