शनिवार-रविवारची गोळी

वारज्याच्या वस्तीतल्या अंगणवाडीत सुंदराबाई ओव्हाळांनी तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची पंधरा वर्षं अंगणवाडी सांभाळून क्षयाच्या रोग्यांना गोळ्या खायला घालण्यात गेली. रोग्याने गोळी समोर उभं राहून गिळायची, असा नियम होता. बाकीच्या बायका गोळी हातावर ठेवायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. सुंदराबाईंचं तसं नव्हतं. गोळी गिळून झाली की त्या म्हणायच्या, "आ करा. जीभ वर. आता मूठ उघडा, दाखवा." चांगले मिशाळ बाप्ये त्यांच्यापुढे मूठ उघडून गपगुमान उभे राहायचे. उत्तरेश्वर नावाचा एक रिक्षावाला औषध अर्धवट टाकून गावी पळाला, तर बाई एसटीने थेट त्याच्या दारात! पाव्हण्यारावळ्यांसमोर त्याला गोळी गिळायला लावली आणि आलेल्या गाडीनेच परत फिरल्या. 'एकही डोस चुकू दिला नाही' असं लिहिलेलं प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्यांनी बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलं. घरी आलेल्या माणसाला चहाआधी ते वाचावं लागे.

त्यांचे यजमान रामदास खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झालेले. माणूस धीमा, पण जिभेला धार. जिथे एक ठिणगी पडली तर सगळं आकाशात जायचं, तिथे पस्तीस वर्षं काढलेली, त्यामुळे कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, एक इंच इकडे नाही, एक इंच तिकडे नाही. दोघं बोलायची कमी आणि टोमणे जास्त मारायची, पण जेवायला एकमेकांसाठी थांबायची.

गेल्या दिवाळीनंतर रामदासांना जिना चढताना दम लागायला लागला, छातीत धडधड व्हायला लागली. जानेवारीत तपासण्या झाल्या. हृदय थकलंय, ठोके बेताल पडताहेत, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी चार-पाच औषधं लिहून दिली. त्यात एक बारीकशी पांढरी गोळी होती. "ही आठवड्यातून पाचच दिवस हं, काकू. शनिवार-रविवार नाही." का नाही, हे विचारायला सुंदराबाईंनी तोंड उघडलं, तोवर पुढचा पेशंट खुर्चीत येऊन बसला होता. आता या मोठ्या दवाखान्यांचं काय सांगावं! तपासणीचे पैसे घेताना घाई नसते, दोन वाक्यं समजावून सांगताना मात्र जीव जातो यांचा.

खाली औषधाच्या दुकानातले श्यामसुंदर मात्र बोलघेवडे. गोळ्यांची पट्टी पिशवीत टाकता टाकता म्हणाले, "ही फार जुनी गोळी बरं का, काकू. थंड देशातल्या एका फुलझाडाच्या पानांपासून निघाली. पण माप सांभाळा, जरा जास्त झाली तर अंगलट येते." सुंदराबाईंनी पहिलं वाक्य नीट ऐकलं. दुसरं वाक्य आलं तेव्हा त्या सुटे पैसे मोजत होत्या.

झाडाच्या पानाचं औषध! म्हणजे आपल्या तुळशी-अडुळशासारखंच की. ते काय अपाय करणार? मग दोन दिवस खाडा कशासाठी? बाई घरी येईपर्यंत विचार करत होत्या. हृदय काय कारखाना आहे, शनिवार-रविवार बंद राहायला? आणि हे डॉक्टरांचं गणित त्यांनी आधी पाहिलेलं होतं. क्षयाच्या गोळ्यासुद्धा पूर्वी आठवड्यातून तीनच दिवस देत. आठ-दहा वर्षांपूर्वी वरून हुकूम आला, आता रोज द्या. म्हणजे इतकी वर्षं आपण अर्धवटच देत होतो का, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. त्या काळात दगावलेल्या तीन रोग्यांची तोंडं अजून डोळ्यांपुढे यायची. ती चूक आपल्या घरात, आपल्या माणसाच्या बाबतीत होऊ द्यायची? छे!

रामदासांना सांगून उपयोग नव्हता. पहिल्याच शनिवारी ते तंगड्या पसरून म्हणाले, "आज आमची साप्ताहिक सुट्टी. गोळीला पण आणि मला पण." सुंदराबाईंनी ओट्यावर लाटण्याने गोळी चुरली, जिरेपूड आणि मीठ घालून ताकात घुसळली आणि पेला समोर ठेवला. रामदासांनी गटागट पिऊन टाकलं. "जिरं स्वस्त झालंय वाटतं," एवढंच म्हणाले. रविवारी तेच, पुढच्या शनिवारी तेच. जास्तीच्या गोळ्या बाई दुसऱ्या दुकानातून आणायच्या. तीन महिने एकही शनिवार चुकला नाही. कामात त्या पहिल्यापासून चोख.

मार्च संपता संपता रामदासांचं जेवण तुटलं. बोंबलाच्या कालवणावर जीव टाकणारा माणूस, ताट पाहिलं की तोंड फिरवायला लागला. मळमळायचं, डोकं जड व्हायचं. एकदा ट्यूबलाइटकडे बघून म्हणाले, "अगं, हिच्याभोवती पिवळं कडं का दिसतंय? भिंत पण पिवळी मारतेय." सुंदराबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू असेल. डोळे दाखवा." मनात मात्र चरकल्या. आजार बळावतोय. बरं झालं आपण खाडा होऊ दिला नाही, नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक! खरंच सांगते, त्यांना त्या दिवशी स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

एप्रिलच्या उन्हात दोन दिवस जुलाब झाले आणि अंगातलं पाणीच गेलं. तिसऱ्या दिवशी सोमवारी सकाळी रामदास मोरीत कोसळले. मुलगा अनिरुद्ध कामानिमित्त बंगळूरला. शेजाऱ्यांनी उचललं, रिक्षात घातलं.

दवाखान्यात नाडी मिनिटाला छत्तीस भरली. डॉक्टर तेच होते, या वेळी मात्र घाईत नव्हते. पट्टी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "ही गोळी किती दिवस देता?"

नाकातोंडावरचा मास्क बाजूला करून रामदासच म्हणाले, "पाच दिवस. शनिवार-रविवार नाही." मग सुंदराबाईंकडे बोट केलं. दम लागत होता, तरी बोलले. "साहेब, ही क्षयाच्या गोळ्या देणारी. सर्टिफिकेट आहे घरी. हिच्या हातून डोस इकडचा तिकडे होणार नाही."

उभ्या आयुष्यात त्यांनी बायकोचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं. केलं ते नेमकं आज.

डॉक्टर विचारात पडले. "गोळी तूर्त बंदच करतो. रक्तातलं प्रमाण तपासायला पाठवलंय, पण ते उद्या कळेल. पाचच दिवस घेत असतील तर एवढं सगळं गोळीमुळे झालं असं वाटत नाही. हृदयातच अडथळा दिसतोय. थांबायला वेळ नाही, पेसमेकर बसवावा लागेल. मुलाशी फोनवर बोलतो, तुम्ही इथे सही करा."

कागद समोर आला. सुंदराबाईंनी पेन घेतलं. सही केली तर नवऱ्याची छाती विनाकारण चिरली जाणार. खरं सांगितलं तर? भिंतीवरच्या त्या कागदाचं काय? वस्तीतल्या, आजही वाटेत थांबून हात जोडणाऱ्या माणसांचं काय? 'सुंदराताईंनीच विष घातलं होतं नवऱ्याला,' असं म्हणतील. मेली ती अब्रू! पण तीच मेली हात धरून बसली होती. पलीकडे मशीन टिक करायचं, मग इतका वेळ गप्प राहायचं की बाईंचाच श्वास अडकायचा. त्यांनी सहीतला 'सुं' काढला आणि पेन खाली ठेवलं.

"साहेब, कापू नका त्यांना. मी दिलीय गोळी. शनिवारी पण, रविवारी पण. ताकातून. परवा आणि काल पण दिली, जुलाब होत असताना."

डॉक्टरांच्या भराभर सूचना सुटल्या, नर्स धावल्या. रामदासांनी मास्क पुन्हा नीट लावला आणि मान भिंतीकडे वळवली.

संध्याकाळी डॉक्टरांनी बाईंना बाकावर बसवून समजावलं. हेच जानेवारीत सांगितलं असतं तर! "काकू, या गोळीचा चांगला डोस आणि विषारी डोस यात अंतर फार थोडं असतं. ती मूत्रपिंडातून हळूहळू बाहेर पडते, अंगात साठते. तुमच्या यजमानांना पाच दिवसांचं माप बेतलं होतं ते म्हणूनच. भूक मेली, मळमळलं, पिवळं दिसलं, नाडी मंदावली की ताबडतोब यायचं."

"पण ते झाडाचं औषध ना, साहेब?"

"बिट्टीपण झाडच आहे की. दोन्हीकडे एकाच जातीचं विष."

बिट्टी! सोसायटीच्या कुंपणाला पिवळ्या फुलांची बिट्टी होती. तिच्या बियांशी पोरं खेळायला लागली की सुंदराबाईच वरून ओरडायच्या, "टाका ते आधी, जीव जाईल!" त्या तिथेच, त्या बाकावर, पदर तोंडात कोंबून रडल्या.

पेसमेकर लागला नाही. गोळी थांबवली, सलाइन लावलं, आणि सहाव्या दिवशी नाडी बासष्टवर आली. रामदास घरी आले. भांडले नाहीत, अनिरुद्धलाही काही सांगितलं नाही. औषधांची पिशवी तेवढी त्यांनी आपल्या कपाटात ठेवली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात. प्रशस्तिपत्र बाईंनी स्वतःच उतरवलं होतं. भिंतीवरच्या त्या रिकाम्या चौकोनाकडे रामदासांनी एकदा पाहिलं, तेवढंच. भांडले असते तर बरं झालं असतं, असं सुंदराबाईंना रोज वाटायचं.

पुढचा शनिवार आला. दुपारी भाकरी, मेथीची भाजी झाली. सवयीने त्यांनी ताकाचा पेलाही ठेवला. ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण आता तो उचलायचा तरी कसा?

रामदासांनी पेल्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. आवाज चढलेला नव्हता, टोमणाही नव्हता.

"मूठ उघड. दाखव."

सुंदराबाईंनी उजवी मूठ उघडली. तळहाताला पीठ लागलेलं होतं.

"दुसरी."

त्यांनी दुसरीही उघडली. रामदासांनी दोन्ही तळहात नीट निरखून पाहिले. मग ताकाचा पेला बाजूला सरकवला, उठले आणि माठातलं पाणी स्वतःच्या हाताने घेऊन आले.