पाच सेंटाव्होचं नाणं

ती मला एकदाच भेटली, २००५च्या हिवाळ्यात, रॉटरडॅमच्या एका ग्रंथालयात. माझी तीन वर्षांची सई टॉयलेटमध्ये शिरली, आतून कडी लावली आणि मग तिला ती उघडेना. आत ती रडत होती. बाहेर मी "घाबरू नकोस" म्हणत स्वतःच घाबरले होते. कडीला बाहेरून खाच होती, नाणं घालून फिरवायची. पण माझं युरोचं नाणं जाड पडत होतं.

शेजारी हात धुणारी पन्नाशीची बाई पुढे आली. पर्समध्ये न बघताच बोटांनी चाचपून तिनं बटणाएवढं पातळ नाणं काढलं.

"मेक्सिकोचं. पाच सेंटाव्हो," ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "तिकडे याचं काही येत नाही. रस्त्यात पडलं तरी कुणी वाकत नाही. मी वाकते."

दाराला गाल लावून ती सईशी स्पॅनिशमध्ये हळूहळू बोलत राहिली. सईला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तिचं रडणं थांबलं. नाणं दोनदा निसटलं. तिनं घाई केली नाही. तिसऱ्यांदा कडी फिरली आणि सई मला येऊन बिलगली.

इतकी शांत माणसं आतून घाबरतच नाहीत, असं मला वाटायचं. पण दार उघडल्यावर त्या बाईचे हात थरथरायला लागले. मी ते हातात घेतले. माझेही थरथरत होते. ते तिला जाणवलं, आणि आम्ही दोघी तिथेच लादीवर बसून हसत सुटलो.