साखर करणारी माणसं

बायको गेल्यावर मी साउथहॅम्प्टनच्या लायब्ररीतल्या इतिहासाच्या क्लासला नाव घातलं. मँचेस्टरहून मुलगा सारखा म्हणायचा, "बाबा, काहीतरी जॉइन करा ना, प्लीज." त्याचं तोंड बंद करायला, दुसरं काही नाही. इतिहासाशी मला देणंघेणं नव्हतं. आयुष्यभर हॉस्पिटलात माणसांना भूल दिली; आता कुणीतरी मला काहीतरी विचारावं, एवढंच वाटायचं. सात आठवड्यांत विचारलं गेलं ते इतकंच, की शेजारची खुर्ची रिकामी आहे का.

आठव्या गुरुवारी सिसिली बेटाचा विषय निघाला. अरबांनी तिथे ऊस नेला, पाटाचं पाणी खेळवलं, लिंबा-संत्र्यांच्या बागा फुलवल्या. मग नॉर्मन सरदारांनी बेट जिंकलं. आधी सगळं होतं तसंच चाललं. पण पुढच्या पिढ्यांत जुन्या लोकांना हुसकावून लावलं, बागांच्या जागी जमीनदारांचा गहू आला. साखर करता येणारं कुणी उरलंच नाही, तेव्हा राजाला समुद्रापलीकडून माणसं मागवावी लागली. तुम्हा इंग्रजांच्या हॉस्पिटलांसारखंच की, मी मनात म्हटलं; मलाही असंच समुद्रापलीकडून मागवलं होतं.

"उसाचा रस आटवताना कुणी पाहिलाय?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

माझा हात शाळेतल्यासारखा वर गेला. कोल्हापूरकडचं आमचं गुऱ्हाळ, वडील, आमचे अण्णा, नावाजलेले गुळवे. ऊस पिळायचा चरक, रस आटवायची काहील, उकळत्या रसात टाकायचं भेंडीचं पाणी, वर येणारी मळी. दहा मिनिटं बोललो. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. कित्येक महिन्यांनी मला बरं वाटलं.

शेजारच्या म्हाताऱ्या बाई पुढे झुकल्या. "पण पाक नेमका झालाय, हे तुमच्या वडिलांना कसं कळायचं?"

ते काहिलीत बघायचे आणि म्हणायचे, "उतरवा." मी तेव्हा पाचटाच्या ढिगावर बसून बायोलॉजी पाठ करत असायचो. "माहीत नाही," म्हटलं आणि खाली बसलो. स्वतःचा इतका राग आला की चहालाही थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावी थोरल्या भावाला फोन लावून तेच विचारलं.

"मला न्हाई बा ठावं," तो म्हणाला. "मी चरकावर बैलं हाकायचो."

"अण्णांनी तुला शिकवलं नाही?"

"त्यास्नी तुला शिकवायचं हुतं. दिवाळीच्या सुट्टीला तू आलास की काहिलीजवळ घोंगडं टाकून ठेवायचे, तुला बसाय."

"मग मला बोलावलं का नाही?"

"शिकणारं पोरगं, आपणहून कसं सांगायचं, म्हणायचे. तू निघालास की घोंगडं झाडून ठेवायचे. म्हणायचे, पुढल्या साली इचारंल."