उभ्या जवारीत शेळी

लोहाऱ्याच्या तहसीलसमोर श्रावस्तीचं ऑनलाइन सेंटर आहे आणि त्याच्याच ओट्यावर माझं स्टँपपेपरचं टेबल. मी दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद लिहितो, ती दुसऱ्यांचे अर्ज भरते. नेट गेलं की दोघंही मोकळे. मी डुलक्या घेतो आणि ती खेळ बनवते.

खेळ म्हणजे आपला वाघ-शेळी. पारावरच्या फरशीवर कोळशानं रेघा ओढून आमच्या बापजाद्यांनी खेळलेला. एक वाघ, पंधरा शेळ्या. वाघ शेळीवरून उडी मारून तिला खातो. शेळ्यांनी चहूबाजूंनी घेरून त्याला जागच्या जागी कोंडायचं. श्रावस्तीनं तो मोबाईलच्या ब्राउझरमध्ये आणला. डाउनलोडची भानगड नाही. लिंक दाबली की काळ्या रेघा, पांढरे ठिपके म्हणजे शेळ्या आणि एक लाल ठिपका, तो वाघ. रांगेतली माणसं खेळात आपला नंबर विसरायची. एक गृहस्थ तर उत्पन्नाचा दाखला न घेताच हसत घरी गेले.

पुण्याच्या एका गेमवाल्या कंपनीला तिनं तो दाखवला. उत्तर आलं, खेळ उत्तम, पण बघायला काहीच नाही. महिनाअखेर ग्राफिक्स घालून द्या, तुमच्या नावानं साइटवर लावू. ‘तुमच्या नावानं’ एवढंच तिनं मला तीनदा वाचून दाखवलं. जन्मभर इतरांच्या नावांचे रकाने भरणाऱ्या पोरीला ते किती गोड लागलं असेल, मला कळत होतं. पण माझी जीभ फटकळ. म्हणालो, “भुकेल्याला ताटाची नक्षी कशाला? खेळ मोठा. रंगरंगोटी सोड.”

“काका, तुमाला रंगातलं काय बी कळत न्हाई,” ती म्हणाली आणि महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

चित्र मात्र असं उतरलं की मी खुर्ची ओढून फोनपाशीच बसलो. पौषातलं कोवळं ऊन, लांब निळसर माळ, पटाच्या उजव्या भागावर हुरड्यात आलेली जवारी. वारं आलं की कणसं सावकाश डुलायची. मी बघत राहिलो आणि टेबल, ओटा, तहसील, सगळं त्या उन्हात विरघळून गेलं. किती वेळ, कोण जाणे. चहा गार झाला होता.

रविवारी खेळाची परीक्षा होती. घेणार होत्या श्रावस्तीच्या आई, चांगुणाबाई. जन्म लोकांच्या रानात मजुरी करण्यात गेलेला, सोबतीला दोन शेळ्या. शेळ्यांकडून खेळताना त्या कधीच हरल्या नव्हत्या. माझा वाघ तर त्यांनी कितीदा कोंडला असेल. माय जिंकली की त्याच दुपारी खेळ कंपनीला पाठवायचा, असं श्रावस्तीनं ठरवलं होतं.

फोनच्या वाघापुढं माय हरली. दुसरा डावही हरली. श्रावस्तीचं तोंड उतरलं. “काका, मायचे डोळे गेले काय?” तिनं हळूच विचारलं. मी वाकून बघितलं. साऱ्या शेळ्या डावीकडं दाटीवाटीनं उभ्या, उजवीकडं सहा जागा रिकाम्या.

“माय, तिकडं घाल की शेळी. मोकळीच हाय जागा.”

“मोकळी कुठं? जवारी हाय की उभी.”

“चित्र हाय गं ते!”

“आसंल. पर कुणाची तरी आसंलच की. लोकाच्या रानात शेळी घालू व्हय म्या?”

मी खो खो हसलो. त्या हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “ल्हान हुते तवा आमची शेळी एकाच्या जवारीत शिरली, भाऊ. त्यानं कोंडवाड्यात घातली. माझा बा दिवसभर त्याच्या दारात हात जोडून हुबा. पानी बी कुणी इचारलं न्हाई.”

आमच्याही घरी वीस एकर होतं. आमच्या दारात कोण कोण उभं राहिलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

श्रावस्तीनं लॅपटॉप ओढला. दहा मिनिटांत जवारीच्या बांधावर एक पाटी उभी राहिली. तिनं आईला ती वाचून दाखवली, “‘चांगुणाबाईचं शेत.’ आता तुजंच रान हाय, माय. घाल शेळ्या, कोंड वाघाला.”

ज्यांच्या नावावर सातबाऱ्याची एक ओळ कधी चढली नाही, त्या चांगुणाबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. कणसांवरून बोट फिरवलं.

“माजं?”

“तुजंच.”

“मग तर मुळीच घालायच्या न्हाईत. कणसं भरल्यात, पोरी.”

वाघानं आणखी दोन शेळ्या खाल्ल्या. त्यांना फिकीर नव्हती.

कंपनीला श्रावस्तीनं शेत पुसून नुसता माळ ठेवलेला खेळ पाठवला. तिचं नाव साइटवर लागलं. मी चष्मा पुसून पुसून वाचलं. आईच्या फोनात मात्र शेत तसंच राहिलं. चांगुणाबाई आता खेळत नाहीत. दुपारी ओट्यावर येतात, फोन उघडतात आणि मांडीवर ठेवून बसतात.

काल मी विचारलं, “काय आक्का, कोण जिंकलं?”

“राखण चाललीया, भाऊ,” त्या नजर न काढता म्हणाल्या. “पाखरं लई झाल्यात.”

श्रावस्तीनं त्या चित्रात एकही पाखरू काढलेलं नाही. तरी मी दोन टाळ्या वाजवून पाखरं उडवली.